वेळापत्रक कोणाच्या हाती?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासाला धरून एखाद्या चालू प्रश्नावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी जो विषय सुचविला तो ऐकून त्यांना थोडे नवल वाटले. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमांचे वेळापत्रक आखणारी संगणकाची आज्ञावली, तिच्या कार्यक्षमतेच्या आणि सुरक्षिततेच्या अटी, असा हा विषय. आणि बोलणार कोण, तर दहावीत शाळा सुटलेला एक कामगार कार्यकर्ता! जे काही पुढे शिकलो ते वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या ओट्यावर आणि कारखान्याच्या फाटकापुढील सभांत. तेव्हा हा अधिकार मला कोठून आला, ते आधी सांगितले पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता एक बाई आमच्या कार्यालयात आल्या. एका महाविद्यालयात त्या तासिका तत्त्वावर शिकवीत होत्या. तासिका तत्त्व म्हणजे काय ते आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. जितके तास शिकवावे तितक्याच तासांचे पैसे; सुटीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. बाई म्हणाल्या, "भाऊ, माझे आठवड्याचे दोन तास कोणी काढले, एवढे तरी मला कळेल का?" शनिवारपर्यंत संगणकावरील वेळापत्रकात त्या दोन घरांत त्यांचे नाव होते, सोमवारी तेथे दुसरे नाव आले. बरे, पुढचे तास गेले ते गेले. पण त्या आधीच्या चार आठवड्यांत त्यांनी शिकविलेले आठ तासही नाहीसे झाले. कारण आज्ञावलीत फक्त शेवटचा तक्ता राहत असे आणि महिन्याचे बिल त्या तक्त्यावरून निघत असे. विचारावयास गेल्या तर उत्तर मिळाले, "संगणकाने केले."

हे उत्तर मी माझ्या आयुष्यात निरनिराळ्या रूपांत ऐकले आहे. पूर्वी "वरून आले" म्हणत, आता "संगणकाने केले" म्हणतात. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो आणि माझ्या ध्यानात आले की हा प्रश्न नवा नाही. तो आपल्या शिरूर-दौंडच्या मातीत दीडशे वर्षे मुरलेला आहे.

दौंडपासून आरंभ करू. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली. १८५८ साली पुण्यापर्यंतचा आणि पुढे दिक्सळपर्यंतचा मार्ग खुला झाला. त्या मार्गाने भीमाकाठचे दौंड रेल्वेला जोडले गेले. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाला आणि दौंड हे जंक्शन झाले. जंक्शन झाले म्हणजे वेळापत्रक अवघड झाले. एका मार्गावर गाड्या सोडणे सोपे; दोन मार्ग जेथे मिळतात तेथे एका गाडीचा उशीर दुसरीच्या अंगावर येतो. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे, त्यात जाणारा वेळही तक्त्यात धरावा लागे. हा खोळंबा टाळण्यासाठी अलीकडे दौंड कॉर्ड लाइन झाली. आमच्या वडिलांनी रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढले, आणि वेळापत्रक म्हणजे भिंतीवरचा कागद नव्हे, माणसाच्या दिवसावरचा हुकूम आहे, हे मी घरातच शिकलो.

एकेरी मार्गावरील एका लहान स्टेशनात त्यांनी मला एकदा लाइन क्लिअरचे यंत्र दाखविले होते. दोन स्टेशनांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, हा नियम. तो पाळण्यासाठी दोन्ही स्टेशनांत तारेने जोडलेली यंत्रे असत आणि त्यांत धातूचे गोळे असत. एक गोळा बाहेर काढला की तो पुन्हा कोणत्या तरी यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा दोहोंपैकी कोठूनही निघत नसे. ड्रायव्हरच्या हाती गोळा नाही, तर गाडी हलावयाची नाही. शिवाय गाडी केव्हा मागितली, केव्हा सुटली, केव्हा पोहोचली, ते स्टेशनमास्तर नोंदवहीत मिनिटासह लिहीत असे.

श्रोतेहो, संगणकाचे तज्ज्ञ ज्याला सुरक्षिततेच्या अटी म्हणतात त्यांचे सार या दोन वस्तूंत आहे. गोळा म्हणजे अधिकार: ज्याच्या हाती तो आहे त्यानेच आणि तेवढ्याच वेळेपुरता बदल करावा. नोंदवही म्हणजे उत्तरदायित्व: केले ते कोणी, केव्हा केले, हे मागून पाहता यावे. रेल्वेने ही अक्कल फुकट मिळविलेली नाही. जगभरच्या एकेरी मार्गांवर गाड्या समोरासमोर आदळून माणसे मेली, तेव्हा ती आली. 'माणसाने सावध राहावे' एवढ्यावर भिस्त ठेवून चालत नाही, तर चूक करू म्हटले तरी ती सहज होऊ नये अशी यंत्राची घडण पाहिजे, हा धडा त्यातून निघाला.

आता वेळेच्या राजकारणाकडे वळू. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले आणि मुंबई शहर आपल्या स्थानिक वेळेने. दोहोंत अर्ध्या तासाचे अंतर होते. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने प्रमाणवेळ लागू केली आणि मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे ढकलण्याचा प्रश्न आला. सुशिक्षितांनी सभा भरविल्या. पण त्याच महिन्यात मुंबईतील एका मोठ्या गिरणीचे कामगार घड्याळाविरुद्ध खवळून उठले. त्यांचा राग खगोलशास्त्रावर नव्हता. घड्याळ पुढे गेले म्हणजे अंधारात उठून कामावर यावयाचे, आणि हा बदल त्यांना विचारून झालेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ होता.

त्याच्याही बावीस वर्षे आधी, १८८४ साली, जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले. त्यातील मागण्या पाहा: रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार ठरलेल्या तारखेच्या आत, आणि अपघात झाल्यास भरपाई. पाचांपैकी चार मागण्या वेळेच्या आहेत! १८९० साली रविवारची सुटी मिळाली. आपल्या देशातील कामगार चळवळीचा पहिला मोठा विजय हा वेळापत्रकातील एक घर मोकळे करून घेण्याचा होता, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही. पुढे १९७३ साली इंजिनवरच्या कर्मचाऱ्यांनी संप केला तोही कामाचे तास दहावर आणण्यासाठी, आणि ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या रेल्वेच्या मोठ्या संपातही कामाच्या तासांचा प्रश्न होताच.

या झगड्यांतून कायदा घडला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात असे बंधन होते की कामाच्या वेळांचा तक्ता कामगारांना दिसेल असा लावला पाहिजे, आणि तो बदलावयाचा तर आधी निरीक्षकाला लेखी कळविले पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाप्रमाणे कामाच्या तासांत बदल करावयाचा तर एकवीस दिवसांची सूचना द्यावी लागे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हे कायदे जाऊन त्यांच्या जागी नव्या श्रमसंहिता आल्या. त्यांविषयी आमचे म्हणणे वेगळे आहे, त्यात आज शिरत नाही. मुद्दा एवढाच की तक्ता उघड असावा, तो गुपचूप बदलू नये, ही गोष्ट कारखान्यात सत्तर वर्षांपूर्वीच मान्य झाली होती.

मग त्या बाईंना हे संरक्षण का नव्हते? कारण १९८८ साली, गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतील 'कामगार' नव्हे. रांजणगावच्या कारखान्यात यंत्र चालविणाऱ्याला पाळी बदलण्याची सूचना मिळण्याचा जो हक्क होता, तो त्याच शिरूर तालुक्यात इतिहास शिकविणाऱ्याला नव्हता. जेथे कायद्याची भिंत नाही, तेथे जी आज्ञावली आपण आणतो तिच्या घडणीतच ती भिंत बांधून घेतली पाहिजे. माझ्या भाषणाचे तात्पर्य एवढेच आहे.

आता विद्यापीठाकडे येऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. आपले पुणे विद्यापीठ १९४९ सालचे. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू, आणि २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुल्यांचे नाव आहे. जुन्या पद्धतीत वेळापत्रक कसे होई? एखादे जुने प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुटीत मोठा कागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसत. वर्ग थोडे, विषय ठरलेले. वर्गातील सगळी मुले एकत्रच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात. परंतु नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय अशी निवड आली. एकाच बाकावरची दोन मुले आता निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या खोल्यांत जावयाची.

याने गणित किती वाढते? दहा तासिका दहा घरांत मांडावयाच्या, एवढेच धरले तरी ३६,२८,८०० प्रकार होतात. त्यात खोल्या, प्रयोगशाळा, शिक्षक आणि निवडी मिळविल्या की मोजणी संपतच नाही. टोरोंटोचे गॉटलीब यांनी १९६२ साली शिक्षक आणि वर्ग यांची सांगड संगणकाने कशी घालावी यावर निबंध वाचला. १९७६ साली ईव्हन, इटाई आणि शमीर या तीन संशोधकांनी दाखवून दिले की हा प्रश्न गणितातील अत्यंत कठीण अशा वर्गात मोडतो. प्रत्येक वेळी झटपट आणि हमखास उत्तर देणारी रीत कोणालाच ठाऊक नाही. म्हणून आज्ञावली काय करते, तर काही अटी न मोडणाऱ्या धरते आणि काही शक्यतो पाळावयाच्या धरते, आणि त्यांतून चांगल्यापैकी एक तक्ता काढते. एक शिक्षक एका वेळी दोन वर्गांत असू नये, ही न मोडणारी अट. शिक्षकाला दोन तासांच्या मध्ये तीन तास रिकामे बसवू नये, ही शक्यतो पाळावयाची.

आणि येथेच माणसाची गोष्ट येते. कोणती अट न मोडणारी आणि कोणती मऊ, हे यंत्र ठरवीत नाही. कोणीतरी बसून ठरवितो. शिरूरला रेल्वे नाही. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे-नगर धावली ती याच शिरूरच्या रस्त्याने. तेव्हापासून खेड्यापाड्यांतील मुलांचे शिक्षण एस.टी.च्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. दौंडच्या मुलांचे पुण्याच्या लोकलला. शेवटची गाडी साडेपाचला सुटत असेल आणि प्रात्यक्षिक सहाला संपत असेल, तर त्या गावची मुलगी तो विषय घेत नाही, आणि पुढे तिचा बाप तिला महाविद्यालयातही पाठवीत नाही. कागदावर तक्ता निर्दोष असतो. शेवटची गाडी ही न मोडणारी अट म्हणून आत घातली नाही, तर ती मुलगी कोणत्याही आकड्यात न दिसता गळते.

कार्यक्षमतेच्या अटींत मी ही अट पहिली धरतो. दुसरी अट गर्दीची. विषय निवडण्याचा पहिला दिवस म्हणजे यात्रेचा दिवस. वर्षभर रिकामा असणारा दरवाजा त्या तासाला हजारो मुले ठोठावतात. रेल्वेच्या तत्काळ तिकिटांचे उदाहरण आपणा सर्वांच्या अनुभवाचे आहे. गर्दी फुटावी म्हणून जून २०१५ पासून वातानुकूलित वर्गासाठी दहा आणि साध्या वर्गासाठी अकरा अशा वेळा वेगळ्या केल्या. जुलै २०२५ पासून आधार-पडताळणी झालेल्यांनाच ऑनलाइन तत्काळ तिकीट मिळते आणि पहिली तीस मिनिटे दलालांना बंद आहेत. म्हणजे यंत्र नुसते मोठे करून भागत नाही, रांगही न्यायाची लावावी लागते. नाहीतर ज्याच्या घरी वेगवान जोडणी तो चांगला विषय घेतो आणि ज्याचा फोन जुना, ज्याच्या गावी वीज गेलेली, त्याला उरलेसुरले मिळते. म्हणून पहिल्या तासाला आला म्हणून प्राधान्य, असे नको. चार दिवस अर्ज घ्यावेत आणि मग जाहीर नियमाने वाटप करावे.

तिसरी अट अशी की एका शिक्षकाने रजा घेतली म्हणून सगळा तक्ता उलटापालटा होऊ नये. कमीत कमी माणसांना हलवून बदल करणारी आज्ञावली ती चांगली. चौथी अट खऱ्या भाराने आधी परीक्षा घेण्याची. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्वत्र लागू केली. लाखो उत्तरपत्रिका अडकल्या; कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालूनही निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. पण ज्या मुलांचे पुढील प्रवेश हुकले, त्यांचे ते वर्ष कोणी परत दिले? नवा पूल वाहतुकीला खुला करण्यापूर्वी त्यावरून भरलेली मालगाडी नेऊन पाहतात. एवढे साधे शहाणपण संगणकाच्या बाबतीत आपण विसरतो.

आता सुरक्षितता. आमच्या बाईंच्या प्रकरणात मी स्वतः त्या कार्यालयात गेलो. संकेतशब्द एकच होता, पाचसहा जण तो वापरीत, आणि तो लिहिलेली चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटविलेली होती. बदल कोणी केला हे तेथल्या कोणालाही सांगता येईना, आणि मला वाटते त्यांतले बहुतेक खरेच बोलत होते. वाईट हेतू कोणाचाही नसेल. पण गोळा नाही आणि नोंदवही नाही अशा स्टेशनात अपघात व्हावयास वाईट हेतू लागत नाही.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. प्रत्येकाचा संकेतशब्द वेगळा असावा. पाहण्याचा अधिकार वेगळा, सुचविण्याचा वेगळा, मंजुरीचा वेगळा. प्रत्येक बदलाची नोंद नावासह व वेळेसह राहावी आणि ती कोणालाही, अगदी प्राचार्यांनाही, पुसता येऊ नये. जुने तक्ते जपावेत, म्हणजे शिकविलेल्या तासाचा पुरावा उरतो. ज्याचा तास बदलतो त्याला बदल लागू होण्यापूर्वी कळावे आणि हरकत घेण्यास सवड मिळावी. रोजची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी, आणि ती उघडते की नाही हे अधूनमधून उघडून पाहावे. फलकावर छापील तक्ता लागलाच पाहिजे. वीज गेली तरी भिंत जात नाही.

एक गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. वर्गाचा तक्ता उघड असावा. पण अमुक मुलगी मंगळवारी दुपारी तीन वाजता कोणत्या खोलीत आहे आणि किती वाजता फाटकाबाहेर पडते, हे कोणाही परक्याला एका बोटाने दिसू नये. सामूहिक वेळ सर्वांची आहे, एका माणसाचा दिवस त्याचा स्वतःचा आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. परंतु कायद्याची वाट न पाहता ही काळजी आज्ञावली निवडतानाच घ्यावयाची आहे.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला पैशाचा. पण अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वाढलेली 'युनिटाइम' किंवा रुमानियात लिहिलेली 'फेट' या आज्ञावल्या मुक्त आहेत, त्यांना परवान्याचे शुल्क नाही. खर्च शिकण्याचा आणि चालविण्याचा येतो, तो खरा आहे. आणि तो एकेका लहान महाविद्यालयाला झेपत नसेल तर तालुक्याने मिळून करावा. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. प्राचार्य म्हणतात, "प्रत्येक बदलाला मंजुरी आणि नोंद म्हटली तर सकाळी एक शिक्षक आजारी पडला असता मी वर्ग कसा चालवू?" हे म्हणणे मी उडवून लावीत नाही. अडचणीच्या वेळी निर्णय घेण्याची मोकळीक जबाबदार माणसाला पाहिजेच. स्टेशनमास्तरालाही ती आहे. पण तो गाडी थांबवितो आणि लगेच वहीत लिहितो. मोकळीक आणि नोंद यांचे वैर नाही. नोंदीची भीती वाटते ती वेगळ्याच मोकळिकीला.

बाईंच्या त्या आठ तासांचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. ते पैसे मिळाले. संगणकाने पुरावा दिला नाही. तो दिला वर्गातील मुलांच्या वह्यांनी. मुलांना प्रत्येक धड्याच्या वर तारीख घालण्याची सवय त्यांनी स्वतःच लावली होती. चार मुलींनी वह्या आणून टेबलावर ठेवल्या, तारखा जुळल्या, आणि बिल दुरुस्त झाले. आठवड्याचे ते दोन तास मात्र परत आले नाहीत, कारण ते कोणी काढले हे अखेरपर्यंत कळले नाही.

येत्या जूनमध्ये आपल्या दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालयांत नवे तक्ते लागतील. आपली मुले तेथे शिकतात, आपल्या लेकीसुना तेथे शिकवितात. आपण पालक म्हणून, माजी विद्यार्थी म्हणून तेथे जाल, तेव्हा कोणाच्याही हेतूविषयी शंका न घेता एकच प्रश्न विचारा: हा तक्ता काल रात्री कोणी बदलला असेल, तर ते आम्हांला दाखविता येईल काय? उत्तर 'होय' आले तर त्यांचे अभिनंदन करा. 'संगणकाने केले' असे आले, तर कृपा करून तेथून उठू नका.